कुणीतरी फोन घ्या रे!

मोबाइल मेला की माणसाचं काय होतं, ते मला गेल्या महिन्यात कळलं. ठाणे स्टेशनच्या बाहेर, रात्री सव्वाअकरा वाजता.

झालं असं, की ठाण्यात एका मुलाखतीला गेले होते. मुलाखत लांबली. (फ्रीलान्स पत्रकाराच्या आयुष्यात दोनच गोष्टी लांबतात. मुलाखत आणि मानधन!) बाहेर पडले तेव्हा बॅटरी 3 टक्के. म्हटलं, अंधेरीपर्यंतची टॅक्सी बुक करण्यापुरती पुरेल. पुरलीसुद्धा. ‘तुमचा ड्रायव्हर 4 मिनिटांत पोहोचतोय’ एवढं दाखवलं आणि स्क्रीन काळी ठिक्कर. आता ड्रायव्हर कोण, गाडी कुठली, नंबर काय? सगळं त्या काळ्या स्क्रीनच्या आत.

पर्स उघडली. एक लिप बाम, एक पेन, सोडून दिलेल्या नोकरीचं आयकार्ड. पैसे शून्य. कारण पैसेपण मोबाइलमध्येच! चहा प्यायला 10 रुपये नाहीत आणि चार्जर मागायला जावं तर दुकानं बंद व्हायला लागलेली. शेवटी तोंड बारीक करून चहाच्या टपरीवाल्याला म्हटलं, ‘दादा, एक फोन करू?’

‘घ्या की ताई, लावा.’

त्यानं फोन हातात दिला आणि मी बघतच राहिले. लावू कुणाला?

तुम्हीपण करून बघा हा प्रयोग, आत्ता, इथल्या इथे. जिच्याशी मी दिवसातून दहा वेळा बोलते, त्या माझ्या रूममेटचा नंबर 98 ने सुरू होतो की 99 ने, हे मला आठवेना. जवळच्या मित्राचा? पत्ता नाही. एडिटरचा? नशीब, तोही नाही. आईचा मोबाइल? तो ‘आई’ या नावानं सेव्ह आहे, बास. 900 लोकांचे नंबर घेऊन फिरणारी मी, त्यातला एकही मला पाठ नव्हता.

आणि मग बोटं आपोआप चालायला लागली. 022... पुढे आठ आकडे. गाणं म्हटल्यासारखे. मुलुंडच्या आमच्या घरचा लँडलाइन!

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. माझी आई दहाला झोपते, हे लक्षात घ्या.

‘हॅलो? हॅलो, कोण? बोल ना!’

‘आई, मी आहे.’

पलीकडे काही सेकंद काहीच नाही. मग, ‘अगं, तू होय!’

‘अगं, तू होय’ म्हणताना तिचा आवाज जरा खाली आल्यासारखा वाटला. पण तेव्हा मला रिक्षाचं टेन्शन होतं. म्हटलं, मुलुंडलाच येतेय, रिक्षाचे पैसे घेऊन खाली उतर. पंचवीस मिनिटांनी सोसायटीच्या गेटपाशी पोहोचले तेव्हा आई गाउनवर ओढणी घेऊन, हातात छोटी पर्स धरून उभी होती. पैसे दिले, मला वर नेलं, आमटी गरम करून वाढली. फोन तिथेच होता. हॉलच्या कोपऱ्यात, स्टुलावर, क्रोशाच्या रुमालाखाली.

तर मंडळी, त्या रात्री जेवताजेवता मला या कॉलमचा विषय सापडला. जुने दिवस! मोबाइलच्या आधीचे सुंदर, निवांत दिवस! सध्या हा विषय जाम चालतो. आमच्या अंधेरीतल्या एका कॅफेत गोल डायलचा काळा फोन ठेवलाय. त्याला वायर नाही. लोक रिसीव्हर कानाला लावून फोटो काढतात आणि कॉफीचे 320 रुपये देतात. मीपण दिलेत.

पुढच्या रविवारी मी रीतसर आईची मुलाखत घेतली. मोबाइल रेकॉर्डिंगवर, समोर पोहे. (मास कॉमची डिग्री कुठेतरी उपयोगी पडायला हवी ना!)

आणि काय एकेक किस्से निघाले म्हणून सांगू!

बाबांनी 1984 मध्ये फोनसाठी नंबर लावला. फोन आला 1991 मध्ये. सात वर्षं! तेव्हा ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची एक योजना होती. त्यात जास्त पैसे आगाऊ भरले की नंबर लवकर लागायचा. पण बाबांकडे ते पैसे नव्हते, म्हणून ते साध्या रांगेत थांबले. तोवर दोघांचं लग्न झालं, बाबांचं प्रमोशन झालं. फोन आला त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि बिल्डिंगमध्ये पेढे वाटले.

पेढे उगाच नव्हते. बारा बिऱ्हाडं आणि एक फोन. त्यामुळे आमचा नंबर बाराही घरांचा झाला. लोकांनी तो आपापल्या व्हिजिटिंग कार्डावर, लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जात छापला. पुढे कंसात दोन अक्षरं, पी. पी. त्याचा फुलफॉर्म कुणी विचारायचं नाही. ‘फोन शेजाऱ्यांचा आहे, ते बोलावून देतील’ एवढाच त्याचा अर्थ. फोन वाजला की आई रिसीव्हर बाजूला ठेवायची आणि जिन्यात जाऊन वरच्या मजल्यावर हाक मारायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली येईपर्यंत पलीकडच्या माणसाचं मीटर पळतंय! आजी आल्या की आधी धापा टाकणार, मग ‘कसा आहेस?’ आणि मग रडणार. त्यांचा मुलगा मस्कतला होता. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा, म्हणून शुक्रवारी दुपारी आमच्याकडे कुणी फोन अडवायचा नाही, असा बिल्डिंगचा नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडलाही नाही.

त्याच्याही आधीचा ट्रंक कॉल तर औरच. बाहेरगावी फोन लावायचा तर आधी एक्स्चेंजला बुकिंग करायचं आणि वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार. जितकी घाई, तितका पैसा. भारतात एसटीडीची सुरुवात 1960 मध्ये झाली. कानपूर ते लखनौ. पण ती सामान्य माणसाच्या गल्लीत पोहोचायला 80 चं दशक संपत आलं. 1984 मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट स्थापन झालं, देशी एक्स्चेंज बनायला लागली आणि मग नाक्यानाक्यावर ते पिवळे बोर्ड उगवले. एसटीडी, आयएसडी, पीसीओ! काचेचं खोकं, आत एक पंखा (बंद), आणि डोक्यावर पळणारे लाल आकडे. बोलणाऱ्याची एक नजर त्या आकड्यांवरच. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून जेवणं आटपून लोक रांगा लावायचे. आई म्हणते, त्या रांगेत तिला अख्ख्या मुलुंडच्या घरच्या भानगडी कळायच्या. काचेतून आवाज बाहेर येतो, हे आत शिरलं की प्रत्येक जण विसरायचा!

मी पडले 1997 चं मॉडेल. त्यामुळे यातलं बरंचसं माझं नाही. उसनं आहे. माझ्या वाटणीला या गोष्टीचं शेपूट आलं. वाण्याच्या दुकानाबाहेरचा एक रुपयाचा लाल डबा मला आठवतो. त्यात नाणं टाकायचं, मिनिट संपत आलं की तो टीं टीं करायचा, दुसरं नाणं टाकलं नाही तर खट्! कट. सहलीहून पोहोचले की दोन रिंग देऊन ठेवायचं, म्हणजे ‘पोहोचले’ हा निरोप फुकटात मिळायचा, तेही आठवतं. फोनशेजारी डायरी असायची. तिच्यात आईनं प्लंबरचा नंबर ‘प’ मध्ये नाही, तर ‘न’ मध्ये लिहिलेला. न, नळवाला! आणि तरी डायरी लागायचीच नाही, कारण निदान वीस नंबर मला तोंडपाठ होते. बाबांचं ऑफिस, एक्स्टेन्शनसकट. दादरचे काका. शाळा. बेस्ट फ्रेंड. एवढंच काय, 197 ला फोन करून माहितीवाल्या बाईंना उगाच सतवायचं, हेसुद्धा पाठ.

आणि भेटायचं कसं? तर आदल्या दिवशी ठरवायचं, ‘सहा वाजता, चर्चगेटला, इंडिकेटरखाली.’ झालं. ‘निघालीस का’, ‘कुठे पोहोचलीस’, ‘लाइव्ह लोकेशन टाक’ काही नाही. बाबा एकदा आईसाठी तिथे पावणेदोन तास उभे होते, लोकल बंद पडल्या होत्या म्हणून. ती येणार हे ठरलेलं होतं, मग तिथून हलायचं कसं?

मी भारावूनच गेले. म्हटलं, ‘आई, काय मस्त होतं ना गं सगळं!’

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती आंबा 1200 रुपये डझन म्हणणाऱ्याकडे बघते.

‘मस्त? तुला काय जातंय म्हणायला! फोन हॉलमध्ये. हॉलमध्ये तुझी आजी. माझ्या आईशी मी आठ वर्षांत एकदाही मोकळेपणानं बोलले नाही. ती विचारायची, “बरी आहेस ना?” मी म्हणायची, “हो, पाऊस छान झाला.” त्यावरून तिनं ओळखायचं. तेही चिपळूणला तिच्या घरी फोन नव्हता, ती शेजारच्या दुकानात यायची. म्हणजे तिकडे दुकानदार ऐकतोय, इकडे सासूबाई.’

‘पण...’

‘आणि रात्री बारा नंतर फोन वाजला की पोटात गोळा. तार आली तरी तेच. उघडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या.’

ती तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, तेव्हा लोकांनी आठवण म्हणून स्वतःलाच तारा केल्या होत्या. आई म्हणाली, ‘त्यांच्याकडे खरी तार कधी आलेली नसणार.’

बरं, मोबाइल आला म्हणजे लगेच सगळं सुटलं असंही नाही. भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 चा. ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाला 16 रुपयांच्या आसपास दर होता आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. म्हणजे कुणी ‘काय चाललंय?’ विचारलं तरी भुर्दंड आपल्याला! 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मग मात्र आमच्या बिल्डिंगमध्ये रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या हातात फोन दिसायला लागला. जिन्यातल्या हाका थांबल्या. आमच्या कोपऱ्यातला फोन हळूहळू गप्प झाला.

इथवर माझा कॉलम तयार होता, खरं सांगते. शेवटी थोडं ‘गेले ते दिवस’, एक छानसं वाक्य, आणि मेल. पण त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचा मुहूर्त लागला. महिनाअखेरीला चाव्या द्यायच्या, तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं. आईसाठी दोन गल्ल्या सोडून एक वन बीएचके मिळाला. बाबा 2016 मध्ये गेल्यापासून ती एकटीच राहते. मी सामान बांधायला गेले आणि यादी करायला बसले. गॅस ट्रान्सफर, केबल, पेपरवाला...

‘आणि लँडलाइन कट,’ मी म्हटलं.

‘ती नाही कट करायची.’

‘अगं आई, दर महिन्याला पैसे भरतेस. फोन येतात ते सगळे लोनवाल्यांचे.’

‘तीपण माणसंच आहेत.’

‘तुझ्याकडे मोबाइल आहे, व्हॉट्सअॅप आहे. सगळे त्यावरच बोलतात. आणि परवा तर तूच म्हणालीस, त्यात काही मस्त नव्हतं म्हणून!’

‘मस्त नव्हतंच. पण नंबर राहू दे.’

मी वैतागले. खोटं कशाला बोलू, बऱ्यापैकी आवाज चढवला. एकटी राहतेस, खर्च बघायला नको का, सेंटिमेंटल होऊन चालत नाही वगैरे वगैरे. आई काही बोलली नाही. ती कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. चार-पाच कप झाल्यावर तिनं मान वर न करताच विचारलं, ‘तुला मामा आठवतो?’

मामा मला आठवत नाही. माझ्या बारशाच्या फोटोत आहे. निळा शर्ट, मला हातात धरलंय, पण जरा लांब, जशी काही मी दुधाची पिशवी आहे आणि फुटेन. तो ‘बाहेरगावी असतो’ असं मला लहानपणी सांगितलेलं. पुढे मी विचारायचं सोडून दिलं. घराघरात असा एखादा विषय असतो, पोरांना तो न सांगता समजतो.

आई सांगत गेली, कपबशा गुंडाळत.

मामा तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. नोकरीसाठी चिपळूणहून आला आणि आमच्याकडेच राहिला. नोकरी बरी होती, पण मित्राबरोबर धंद्यात पडला. पैसे बुडाले. त्यात आजोबांचे, म्हणजे आईच्या अण्णांचेही होते, निवृत्तीचे. 1998 मध्ये अण्णा मुंबईला आले आणि आमच्या या हॉलमध्ये त्याला म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. बापलोक म्हणतात तसं म्हणाले. मामानं बॅग भरली आणि गेला.

त्यानंतर त्याचे तीन फोन आले.

पहिला आठ दिवसांनी. ‘ताई, मी बरा आहे, शोधू नका.’ दुसरा पुढच्या वर्षी. त्यात तो फक्त अण्णांची तब्येत विचारत होता. तिसरा 2001 च्या भाऊबीजेला, संध्याकाळी. म्हणाला, ‘ताई, आज भाऊबीज ना?’

आई म्हणाली, ‘हो रे, ये ना. ताट करून ठेवलंय.’ दरवर्षी ती करतच होती.

तो काही बोलला नाही. मागे गाड्यांचा आवाज येत होता. मग टीं टीं टीं झालं आणि फोन कट.

‘एक रुपयाचा डबा होता तो,’ आई म्हणाली. ‘म्हणजे मुंबईतच होता बघ. त्यावरून बाहेरगावचा फोन लागायचा नाही. आणि त्याच्याकडे एकच नाणं होतं. मला वाटलं, सुट्टे आणायला गेला असेल. भाऊबीजेला दुकानं बंद, कुठे मिळणार लवकर? म्हणून मी इथेच बसले.’

ती किती वेळ बसली, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पण ती स्टुलाशेजारी जमिनीवर बसलीय, मागे आकाशकंदिलाचा उजेड आहे आणि मला कुणीतरी आत ओढून नेतंय, असं एक चित्र माझ्या डोक्यात फार पूर्वीपासून आहे. मी तेव्हा चार वर्षांची. ते चित्र कशाचं, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं.

आमच्या फोनला नंबर दिसायची सोय नव्हती. बाबांनी जमेल तिथे चौकशी केली. पण सज्ञान माणूस, स्वतःच्या पायांनी गेलेला, मी बरा आहे म्हणून फोन करणारा. त्याला शोधायचं कोणी? मग काही काळानं मुंबईतल्या सगळ्या फोन नंबरांच्या पुढे 2 लागला, सात आकड्यांचे आठ झाले. तेव्हा म्हणे आई दोन दिवस जेवली नव्हती. त्याला पाठ होता तो सात आकड्यांचा नंबर! शेवटी बाबांनी तिला समजावलं, ‘अख्ख्या मुंबईला 2 लागलाय. तो मुंबईत असेल तर त्याला कळेलच.’ पुढे बाबा बिल कधी चुकवायचे नाहीत. तारखेच्या आधी रांगेत उभे. मला वाटायचं, बाबा शिस्तीचे.

‘अण्णा 2008 ला गेले,’ आई म्हणाली. ‘शेवटी शेवटी त्याचंच नाव घेत होते. हे त्याला सांगायचं राहिलंय गं. त्याला वाटत असेल, अजून रागावलेत.’

तिनं शेवटची बशी गुंडाळली. मी यादीतल्या ‘लँडलाइन’वरची काट खोडून काढली.

त्या रात्री मी, आजच्या जमान्यातली हुशार मुलगी, लॅपटॉप घेऊन बसले. नाव, आडनाव, सर्च. त्याच नावाचे चाळीसेक लोक निघाले. एकाचा फोटो थेट आईसारखा वाटला, छातीत धस्स झालं. तो नागपूरचा निघाला, 32 वर्षांचा, जिम ट्रेनर. आजचा मामा पन्नाशीच्या पुढचा असणार. बारशाच्या फोटोवरून मी त्याला ओळखणार नाही. तो मला कसा ओळखेल? माझं नावही त्याला ‘चिऊ’ एवढंच माहीत असेल.

माझा स्वतःचा मोबाइल नंबर आत्तापर्यंत तीनदा बदललाय. एकदा स्वस्त प्लॅनसाठी, एकदा एका त्रासदायक माणसामुळे, एकदा उगाचच. तीन घरं बदलली. मला शोधायचं असेल तर माझा आजचा नंबर तुमच्याकडे असायला हवा आणि तो मीच दिलेला असायला हवा. 2001 मध्ये ज्याच्याशी माझा संबंध तुटला, त्यानं मला गाठायचं ठरवलं तर कुठे फोन करील? आईला कुठे करायचा, ते मात्र त्याला पाठ आहे. निदान तशी आशा आहे. तो नंबर आईचा नव्हताच कधी. तो घराचा होता. बिल्डिंगचा होता. उचलेल तो सांगेल, थांबा, बोलावते.

‘तेव्हा मोबाइल असता, तर किती बरं झालं असतं,’ दुसऱ्या दिवशी आईच म्हणाली. ‘नंबर दिसला असता, मी लगेच उलट लावला असता.’

म्हणजे बघा, जुन्या दिवसांसाठी हळवी झाले होते मी. आई नाही. ती फक्त फोनजवळ थांबली होती.

मग आम्ही काय केलं? त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत घर बदललं, तर नंबर तोच ठेवून फोन हलवता येतो. अर्ज भरला. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘लोक बंद करायला येतात, तुम्ही शिफ्ट करताय?’ मी म्हटलं, हो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि अर्जावर स्वतःच्या हातानं नंबर पुन्हा एकदा ठळक लिहिला, चूक होऊ नये म्हणून.

गेल्या शनिवारी लाइनमन आला. भाड्याचं घर अजून खोक्यांनी भरलेलं. आईनं सगळ्यात आधी स्टूल मोकळं केलं, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, फोन ठेवला. लाइनमननं वायर जोडली आणि ‘खालून टेस्ट करतो, मावशी’ म्हणून जिना उतरला.

मी किचनमध्ये चहा टाकत होते. पाच मिनिटांनी रिंग वाजली. रिकाम्या भिंतींमुळे केवढी मोठी वाटली! मी वळेपर्यंत आई खोक्यांमधून वाट काढत पोहोचलीसुद्धा.

‘हॅलो? कोण? बोल ना!’

पलीकडून बहुतेक ‘टेस्टिंग’ असं काहीतरी आलं असावं. आईनं एक श्वास घेतला आणि हात लांब करून रुमालाचं वर आलेलं टोक सारखं केलं.

‘हो, येतोय आवाज,’ ती म्हणाली. ‘अगदी स्पष्ट येतोय. वर या, चहा झालाय.’